एक अक्षर, अर्थ अनेक : आज्ञांचे पर्याय आणि त्यांची पुस्तिका

पणजीहून फोंडा, अनमोड घाट आणि खानापूर या मार्गाने बेळगावकडे निघालेला प्रवासी शहरात शिरण्यापूर्वी मच्छे गावाजवळून जातो. या गावाला आज दोन ओळखी आहेत. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची स्थापना १९९८ साली झाली. त्याचे ‘ज्ञान संगम’ हे मुख्यालय मच्छे येथे आहे. कर्नाटकातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचा अभ्यासक्रम येथून ठरतो. दुसरी ओळख औद्योगिक वसाहतीची. बेळगावच्या ओतकामाच्या कारखान्यांतून बाहेर पडलेले सुटे भाग उद्यमबाग, मच्छे या पट्ट्यातील यंत्रशाळांत लेथ आणि मिलिंग यंत्रांवर अंतिम मापाला आणले जातात. विद्यापीठ आणि यंत्रशाळा यांचे जग एकमेकांपासून दूर भासते. परंतु दोन्हीकडे माणूस यंत्राशी ज्या भाषेत बोलतो ती सारखीच तुटक आहे: एखादे अक्षर, त्याला जोडलेला अंक, आणि त्या दोहोंचा अर्थ सांगणारी एक जाडजूड पुस्तिका.

विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘युनिक्स’ या विषयाने दीर्घकाळ स्थान राखले आहे. सुमिताभ दास यांचे ‘युनिक्स : कन्सेप्ट्स अँड ॲप्लिकेशन्स’ हे पुस्तक अभियंत्यांच्या कित्येक तुकड्यांच्या हाती राहिले. या विषयात विद्यार्थ्याला चित्रे आणि बटणे मिळत नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकलिखित करायची आणि ती संगणकाकडे सोपवायची, एवढेच. तिला ‘कमांड लाइन’ म्हणतात. ओळीचा पहिला शब्द म्हणजे आज्ञा. तिच्यापुढे हायफन देऊन लिहिलेले अक्षर म्हणजे पर्याय, अर्थात ‘ऑप्शन’. आज्ञेने काय करायचे हे पहिला शब्द सांगतो. कसे करायचे, किती करायचे, विचारून करायचे की न विचारता, हे पर्यायावर ठरते. (प्रस्तुत लेखात आज्ञा व पर्याय उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत, रोमन लिपीतील मोठ्या अक्षराचा उल्लेख तेथे तेथे ‘मोठा’ असा केला आहे.)

पर्यायाच्या अक्षराला स्वतःचा अर्थ नसतो, ही गोष्ट नवशिक्याला कोणी वेळेवर सांगत नाही. ‘-एफ’ हे एकच उदाहरण घ्यावे. फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’ आज्ञेत त्याचा अर्थ ‘न विचारता, बळाने’ असा होतो. अनेक फाइलींचे एक गाठोडे बांधणाऱ्या ‘टार’मध्ये तेच अक्षर ‘पुढे गाठोड्याचे नाव येत आहे’ असे सांगते. फाइलीचा शेवट दाखवणाऱ्या ‘टेल’मध्ये ते ‘नव्याने भर पडत राहील तसे दाखवत राहा’ असे म्हणते, आणि ओळीतील रकाने वेगळे काढणाऱ्या ‘कट’मध्ये ते रकान्याचा क्रमांक मागते. ‘-आर’ची कथा याहून गंभीर आहे. ‘सॉर्ट’मध्ये तो क्रम उलटा करतो, ‘आरएम’मध्ये आतल्या सर्व कप्प्यांपर्यंत पोहोचतो, ‘टार’मध्ये जुन्या गाठोड्यात भर घालतो, तर ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी सांभाळणाऱ्या ‘क्रॉनटॅब’मध्ये ती संपूर्ण यादी पुसून टाकतो. यादीत दुरुस्ती करण्याचा पर्याय ‘-ई’ आहे. कळफलकावर ‘ई’ आणि ‘आर’ या कळा शेजारी शेजारी आहेत. बोट एका कळेने सरकले, की वर्षानुवर्षे जमवलेली यादी कोणताही प्रश्न न विचारता नाहीशी होते. काही प्रणालींनी पुसण्यापूर्वी विचारणा करणारा ‘-आय’ हा वेगळा पर्याय पुढे दिला खरा. मात्र तो आठवणीने लिहावा लागतो, आणि ज्याचे बोट चुकून सरकले आहे त्याला तो आठवण्याचे कारणच नसते.

दोन अक्षरांची काटकसर

असा गोंधळ कोणी मुद्दाम घातलेला नाही. युनिक्सची पहिली ‘प्रोग्रामर्स मॅन्युअल’ केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सिद्ध केली. तिच्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्या काळी पडदा नव्हता. टेलिटाइप यंत्र सेकंदाला सुमारे दहा अक्षरे या गतीने कागदावर छापत असे आणि त्याच्या कळा जड होत्या. ज्याला दिवसभर तीच आज्ञा शंभर वेळा द्यायची आहे त्याला दोन अक्षरांचे नाव आणि एका अक्षराचा पर्याय सोयीचा वाटला, तर त्यात आश्चर्य नाही. प्रयोगशाळेतील मोजक्या मंडळींना एकमेकांचे कार्यक्रम ठाऊक होते आणि शंका आली तर लिहिणारा शेजारच्याच खोलीत भेटत असे. प्रत्येकाने आपल्या आज्ञेपुरती अक्षरे निवडली. सर्व आज्ञांना मिळून एक वर्णमाला ठरवावी, असा अधिकार कोणाकडे नव्हता आणि तशी गरजही कोणाला भासली नाही.

संख्या वाढली तशी गरज दिसू लागली. आज्ञांच्या नावांत आणि वागणुकीत सुसंगती नाही, अशी टीका मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ साली ‘डेटामेशन’ या नियतकालिकात केली. पुढे पॉझिक्स या प्रमाणाने पर्याय कसे लिहावेत याचे नियम घालून दिले; जीएनयू प्रकल्पाने दोन हायफन देऊन पूर्ण शब्द लिहिण्याची पद्धत रूढ केली. ‘-आर’ऐवजी ‘--रिकर्सिव्ह’ लिहिले, तर वाचणाऱ्याला अर्थ कळतो. मात्र जुने काही काढून टाकता आले नाही, कारण जगभरातील असंख्य लिखित कार्यक्रम जुन्याच अक्षरांवर अवलंबून होते. त्यामुळे नवी पद्धत जुनीच्या जागी आली नाही, तिच्या शेजारी येऊन बसली.

त्याचा उत्तम नमुना म्हणजे चालू कामांची यादी दाखवणारी ‘पीएस’ ही आज्ञा. लिनक्सवर ती तीन घराण्यांचे पर्याय एकाच वेळी स्वीकारते: हायफन नसलेले, एक हायफन असलेले आणि दोन हायफन असलेले. ‘पीएस एयूएक्स’ आणि ‘पीएस -एयूएक्स’ यांत फक्त एका आडव्या रेघेचा फरक आहे. नियमाप्रमाणे पाहिले तर दुसऱ्या ओळीचा अर्थ ‘एक्स नावाच्या वापरकर्त्याची कामे दाखव’ असाही होतो. तसा वापरकर्ता नसेल तर आज्ञा लिहिणाऱ्याच्या मनातले ओळखून पहिल्या ओळीसारखे वागू शकते. आणि तिची पुस्तिका स्वतःच बजावते, की या समजूतदारपणावर विसंबून राहू नये. ‘टार’मध्येही असेच आहे. हायफन न देता ‘सीएफव्ही’ लिहिले तर अक्षरांचा क्रम महत्त्वाचा नसतो. हायफन दिला की ‘एफ’नंतर लगेच जे येईल ते गाठोड्याचे नाव समजले जाते, आणि ‘व्ही’ नावाचे गाठोडे तयार होते. जी रेघ शिस्त आणण्यासाठी आली, तिनेच येथे अर्थ फिरवला.

दोन प्रणालींच्या सीमेवर तर एकच आज्ञा दोन भाषा बोलते. मजकुरात बदल करणाऱ्या ‘सेड’ या आज्ञेचा ‘-आय’ हा पर्याय बदल मूळ फाइलीतच करतो. लिनक्सवर जुनी प्रत राखायची असल्यास तिच्या नावाचा शेपूट या अक्षराला चिकटवून लिहायचा असतो आणि तो ऐच्छिक असतो. ॲपलच्या संगणकावर हा शेपूट वेगळा आणि सक्तीने द्यावा लागतो. लिनक्सवर शिकलेली ओळ तेथे चालवली, की पुढचा शब्द शेपूट म्हणून गिळला जातो. दोन्हीकडे आज्ञेचे नाव एक, अक्षर एक. सीमाभागातील वाचकांना दोन घरांत वेगळा अर्थ घेऊन वावरणारे शब्द परके नाहीत; पण तेथे समोरचा माणूस चेहऱ्याकडे पाहून चूक सुधारून घेतो, यंत्र ते करत नाही.

काही ठिकाणी पुस्तिका प्रांजळपणे कारण देते आणि ते वाचून वाचकाचा राग निवळतो. दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या ‘एसएसएच’मध्ये पोर्ट क्रमांकासाठी लहान ‘-पी’ आहे. त्याच कुटुंबातील, फाइली पोहोचवणाऱ्या ‘एससीपी’मध्ये मोठा ‘पी’. लहान ‘पी’ हा फाइलीची वेळ व परवाने जसेच्या तसे राखण्यासाठी आधीच राखून ठेवलेला आहे, असे एकाच वाक्यात तेथे सांगितले आहे. त्या वाक्याने विसंगती नाहीशी होत नाही. परंतु ती एकदा वाचलेला माणूस सहसा विसरत नाही. कारण सांगितलेले लक्षात राहते, नुसती यादी राहत नाही.

पुस्तिका कोणासाठी?

युनिक्सच्या पुस्तिकेला ‘मॅन पेज’ म्हणतात. तिची मांडणी पहिल्या आवृत्तीपासून जवळपास ठरलेली आहे: नाव, वापराचा नमुना, वर्णन, आणि शेवटी ‘दोष’ नावाचा भाग. आपल्या कार्यक्रमात काय खटकते हे लिहिणाऱ्यानेच छापून ठेवायचे, ही प्रथा आजच्या जाहिरातबाज युगात विशेष वाटावी अशी आहे. पुस्तिकेची अडचण प्रामाणिकपणात नाही. ती कोणाला उद्देशून लिहिली आहे, यात आहे. वापराच्या नमुन्यात चौकोनी कंस म्हणजे ‘ऐच्छिक’, तीन टिंबे म्हणजे ‘पुन्हा पुन्हा देता येईल’, ही संकेतांची भाषा आधीच अवगत असल्याचे गृहीत धरलेले असते. पर्याय वर्णानुक्रमे मांडलेले असतात. फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’सारख्या साध्या आज्ञेला पन्नासहून अधिक पर्याय आहेत, त्यांतील रोज लागणारे चार आणि जन्मात एकदा लागणारे उरलेले, सर्व एकाच रांगेत, एकाच आकारात.

ही मांडणी शब्दकोशाची आहे. मोल्सवर्थचा कोश ज्याला मराठी येते त्याला अमोल आहे. ज्याला मराठी शिकायची आहे त्याच्या हाती तो दिला, तर तो शब्द शोधू शकेल, वाक्य बोलू शकणार नाही. शब्द आधी ठाऊक असेल तरच कोश उघडता येतो. ‘दुभाजक चिन्ह कसे सांगावे’ असा प्रश्न मनात असलेल्याला ‘कट’मध्ये ‘-डी’, ‘सॉर्ट’मध्ये ‘-टी’ आणि ‘ऑक’मध्ये मोठा ‘-एफ’ पाहावा लागतो, हे वर्णानुक्रम सांगू शकत नाही. अलीकडे ‘टीएलडीआर’ या खुल्या प्रकल्पाने वेगळी वाट धरली आहे: प्रत्येक आज्ञेची मोजकी उदाहरणे द्यायची, सर्वांत जास्त लागणारे आधी, आणि प्रत्येकावर एक ओळीचे स्पष्टीकरण. संपूर्ण पुस्तिकेची जागा ती घेऊ शकत नाही. पण दार उघडून देते.

संक्षेप आणि स्पष्टीकरण यांचा हा झगडा आपल्या परंपरेला नवा नाही. पाणिनीय व्याकरणात खुणेसाठी जोडलेल्या अक्षरांना ‘अनुबंध’ किंवा ‘इत्’ म्हणतात. त्यांचे काम आजच्या पर्यायांच्या अक्षरांसारखेच आहे. माहेश्वर सूत्रांत ‘ण्’ ही खूण दोनदा येते, पहिल्या सूत्राच्या आणि सहाव्या सूत्राच्या शेवटी. त्यामुळे ‘अण्’ म्हटले की वर्णांची रांग पहिल्या ‘ण्’पर्यंत धरायची की दुसऱ्या, हा प्रश्न उभा राहतो. परंपरेने त्याचे उत्तर असे दिले, की संदेह निर्माण झाला म्हणून सूत्र निरुपयोगी ठरत नाही. विशेष अर्थ व्याख्यानातून निश्चित करावा. त्यानुसार ‘अण्’ एका सूत्राचा अपवाद वगळता सर्वत्र पहिल्या ‘ण्’पर्यंत, आणि ‘इण्’ नेहमी दुसऱ्यापर्यंत, असे ठरले. काशीत राहिलेले महाराष्ट्रीय पंडित नागेश भट्ट यांनी अठराव्या शतकात ‘परिभाषेन्दुशेखर’ लिहिला, तेव्हा याच परिभाषेला पहिले स्थान दिले. सूत्रकाराने अक्षर वाचवले, पण पतंजलीपासून नागेशापर्यंत भाष्यकारांनी त्याची भरपाई केली. संगणकाच्या जगात सूत्रे भरपूर आहेत. भाष्यकारांची वानवा आहे.

काही वेळा भाष्य अपुरे पडते आणि सूत्रच बदलावे लागते. कार्यक्रमांच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ‘गिट’मध्ये ‘चेकआउट’ ही एकच आज्ञा दोन भिन्न कामे करीत असे: एका शाखेवरून दुसरीवर जाणे, आणि फाइलीत केलेले बदल टाकून जुनी प्रत आणणे. पहिले काम निरुपद्रवी; दुसऱ्यात दिवसभराचे श्रम एका ओळीत जाऊ शकतात. पुस्तिकेत दोन्ही रूपे दिलेली होती, तरी चुका थांबल्या नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीने ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा दोन स्वतंत्र आज्ञा दिल्या. जुनी आज्ञा अर्थातच अजूनही आहे.

‘मच्छे’ या शब्दात अक्षरे किती?

मराठी वाचकाला सर्वाधिक जवळची असलेली फसगत ‘अक्षर’ या शब्दातच आहे. मजकूर मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी’ या आज्ञेला ‘-सी’ पर्याय दिला तर काय मोजले जाईल? ‘सी’ म्हणजे ‘कॅरेक्टर’, असा तर्क कोणीही करील. युनिक्स घडले तेव्हा रोमन लिपीतील एक अक्षर म्हणजे संगणकातील एक बाइट असे समीकरण होते, म्हणून तो तर्क त्या काळी बरोबरही होता. पुढे इतर लिप्या आल्या. जुने कार्यक्रम मोडू नयेत म्हणून ‘-सी’ बाइट मोजण्यासाठीच राहिला आणि खरी अक्षरे मोजण्यासाठी ‘-एम’ हा नवा पर्याय द्यावा लागला.

‘मच्छे’ हे गावाचे नाव प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत मोजून पाहावे. ‘-सी’ उत्तर देतो १५, कारण देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘-एम’ उत्तर देतो ५: म, च, हलन्त, छ आणि एकाराची मात्रा. ओळ संपल्याची खूण धरली तर दोन्ही संख्या एकेकाने वाढतात. मराठी शाळेत शिकलेले मूल मात्र सांगेल, की अक्षरे दोनच, ‘म’ आणि ‘च्छे’. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. पुस्तिकेत ‘कॅरेक्टर’ असा एकच शब्द वापरला की यांपैकी कोणते अभिप्रेत आहे हे वाचकाने ओळखायचे. वाचणाऱ्याच्या डोळ्याला दिसणारे अक्षर कोठे तुटते याचे नियम युनिकोडने ठरवलेले आहेत. पण त्यांतही ‘च्छे’सारखे जोडाक्षर अखंड मानण्याची तरतूद २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत झाली. तोपर्यंत त्याच नियमांप्रमाणे ‘मच्छे’चे तुकडे तीन पडत.

‘कट’ या आज्ञेने तर कमाल केली. बाइटसाठी ‘-बी’ आणि अक्षरांसाठी ‘-सी’ असे दोन पर्याय तिच्या संक्षिप्त पुस्तिकेत शेजारी शेजारी आहेत. जीएनयूच्या विस्तृत पुस्तिकेत मात्र ‘-सी’ तूर्त ‘-बी’सारखाच चालतो, पुढे बदलेल, असे नोंदवलेले होते, आणि हे ‘तूर्त’ अनेक वर्षे टिकले. छोटी पुस्तिका वाचून जो पहिले अक्षर कापायला गेला त्याच्या हाती ‘म’चा एक तृतीयांश, म्हणजे न वाचता येणारा ठिपका आला. ही तक्रार केवळ शब्दच्छलाची नाही. ‘श्रीकृष्ण’ या नावात चिन्हे ९ आणि बाइट २७ भरतात. एखाद्या नोंदवहीत नावासाठी २० बाइटांची जागा ठेवली, आणि पुस्तिकेत ‘२० अक्षरे’ असे लिहिले, तर रोमन लिपीतील नाव सुखाने मावते. देवनागरीतील नाव ‘श्रीकृ’वर थांबते आणि त्यापुढे मोडक्या ‘ष’चे अवशेष राहतात. दाखला, शिधापत्रिका, गुणपत्रिका यांवर असे अर्धे नाव छापले गेले, की ते सुधारून घेण्याचे हेलपाटे ज्याचे नाव आहे त्यालाच घालावे लागतात.

लेथपुढची पुस्तिका

विद्यापीठाच्या आवारातून औद्योगिक वसाहतीत आले, की चुकीची किंमत फाइलीत मोजली जात नाही. ती इन्सर्ट, स्पिंडल आणि हाताची बोटे यांत मोजावी लागते. सीएनसी यंत्राला दिल्या जाणाऱ्या आज्ञा ‘जी कोड’ आणि ‘एम कोड’ या नावांनी ओळखल्या जातात. त्यांसाठी १९८२ सालचे आयएसओ ६९८३ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. टूल सरळ रेषेत न्यायचे असेल तर ‘जी ०१’, हे सर्वत्र सारखे. परंतु प्रमाणाने अनेक क्रमांक मोकळे सोडले आणि प्रत्येक उत्पादकाने ते आपल्या सोयीने भरले. फानुक नियंत्रकाच्या लेथवर ‘जी ७१’ म्हणजे जाड कट घेत धातू काढण्याचे चक्र. सीमेन्सच्या नियंत्रकावर त्याच ‘जी ७१’चा अर्थ ‘मापे मिलिमीटरमध्ये आहेत’ एवढाच.

एकाच उत्पादकाच्या दोन यंत्रांतही फरक असतो. फानुकच्या मिलिंग यंत्रावर छिद्रे पाडताना ‘जी ९८’ दिले तर प्रत्येक छिद्रानंतर ड्रिल मूळ उंचीपर्यंत वर येते. ‘जी ९९’ दिले तर जॉबच्या जवळच्या खालच्या पातळीपर्यंतच येते. दोन छिद्रांच्या मध्ये क्लॅम्प असेल आणि ‘जी ९९’ राहून गेला असेल, तर पुढे काय होते हे सांगण्याची गरज नाही. त्याच कंपनीच्या लेथवर, ‘ए’ या प्रचलित कोडपद्धतीत, हेच दोन क्रमांक फीडचे एकक ठरवतात: ‘जी ९८’ म्हणजे मिनिटाला मिलिमीटर, ‘जी ९९’ म्हणजे फेऱ्याला मिलिमीटर. मिलिंगवरून लेथवर बदली झालेल्या ऑपरेटरला ओळखीचा आकडा दिसतो आणि ओळखीच्या आकड्याची पुस्तिका कोणी उघडत नाही.

लेथच्या पुस्तिकेत ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशा तीन कोडपद्धतींचा तक्ता तीन शेजारच्या रकान्यांत दिलेला असतो. यंत्र कोणत्या रकान्याप्रमाणे चालते हे यंत्राच्या पॅरामीटरवर अवलंबून असते. स्पिंडलच्या गतीला कमाल मर्यादा घालण्यासाठी ‘ए’ पद्धतीत ‘जी ५०’ द्यावा लागतो, ‘बी’मध्ये ‘जी ९२’. आणि ‘ए’ पद्धतीत ‘जी ९२’ हे आटे पाडण्याचे चक्र आहे. कापण्याचा पृष्ठवेग स्थिर ठेवला असता व्यास कमी होत जातो तशी स्पिंडलची गती वाढत जाते. मर्यादा लागू झाली नाही, तर चकची पकड सैल पडून जॉब उडण्याचा धोका असतो. म्हणजे रकाना वाचण्यातील चूक ही येथे सुरक्षिततेची चूक ठरते.

दशांशचिन्हाची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. अनेक यंत्रांवर ‘एक्स १००’ पुढे टिंब देऊन लिहिले तर ते शंभर मिलिमीटर. टिंब विसरले तर शंभर मायक्रॉन, म्हणजे एक दशांश मिलिमीटर. काही यंत्रांवर टिंब नसले तरी मिलिमीटरच धरावेत अशी सोय केलेली असते. टूल थांबवण्याच्या ‘जी ०४’ या आज्ञेत ‘पी’ने दिलेला काळ मिलिसेकंदांत आणि ‘एक्स’ने दिलेला सेकंदांत मोजला जातो. ही सर्व माहिती पुस्तिकेत असते. पण चालवण्याची, पॅरामीटरांची, देखभालीची आणि यंत्र बांधणाऱ्या कंपनीची पुस्तिका वेगवेगळी असते, भाषा इंग्रजी, आणि यंत्रापुढे उभा असलेला ऑपरेटर आयटीआयमधून मराठी किंवा कन्नड बोलत आलेला. अशा स्थितीत, वहीत नीट लिहून ठेवलेले सेटरचे टिपण कंपनीच्या पुस्तिकेहून अधिक उपयोगी पडते. त्यात फक्त त्याच यंत्राचे नियम असतात, आणि प्रत्येकापुढे ते का लिहावे लागले याची आठवण असते.

दोन्ही जगांत एक सल्ला समान दिला जातो: खरे काम करण्यापूर्वी ‘ड्राय रन’ करून पाहावे. संगणकावर त्याचा अर्थ स्पष्ट आहे. फाइलींच्या प्रती जुळवणाऱ्या ‘आरसिंक’ला ‘-एन’ दिले, तर काय पुसले जाईल आणि काय पोहोचवले जाईल याची यादी मिळते, प्रत्यक्षात काही हलत नाही. यंत्रशाळेत तसे नाही. फानुकच्या ‘ड्राय रन’ बटणाने फक्त प्रोग्राममध्ये दिलेला फीड बाजूला ठेवला जातो. टूल वेगळ्या ठरवलेल्या गतीने, पुष्कळदा अधिक वेगाने, खरोखर सरकते. म्हणून ते चकमध्ये जॉब नसतानाच वापरायचे. अक्ष जागेवर राहावेत यासाठी ‘मशीन लॉक’ हे वेगळे बटण आहे. त्यातही अक्षच काय ते थांबतात, स्पिंडल आणि टूल बदलण्याच्या आज्ञा चालूच राहतात, आणि लॉक काढल्यावर यंत्र पुन्हा मूळ संदर्भबिंदूवर न्यावे लागते.

संगणकावरही ‘-एन’वर सरसकट विश्वास टाकता येत नाही. ‘गिट’मध्ये ‘ॲड’ आणि ‘पुश’ या आज्ञांपुढे ‘-एन’ म्हणजे ‘ड्राय रन’. ‘कमिट’पुढे तोच ‘-एन’ तपासणीचे टप्पे गाळून काम पूर्ण करतो. तेथे ‘ड्राय रन’ हवे असल्यास ‘--ड्राय-रन’ हे शब्द पूर्ण लिहावे लागतात.